पोर्सेलिनमधलं लहान मूल: मान, घोटे, बोटं आणि भट्टी

शुभ्रमाती

नमस्कार मंडळी. बालपण या विषयावर पोर्सेलिनची छोटी मालिका करायची आहे. एक रांगणारं बाळ, एक सागरगोटे खेळणारी मुलगी, उकिडवा बसून भोवऱ्याला दोरी गुंडाळणारा मुलगा आणि झालरीचा फ्रॉक घातलेली उभी मुलगी. भाजल्यानंतरची उंची २० ते २५ सेंमी, ताप कोन १० (कोन म्हणजे भट्टीत ठेवायची, ठरावीक तापाला वाकणारी मापाची सुळकी; १० नंबर साधारण १२८० अंशांना). स्टोनवेअरमधल्या (दगडासारखी घट्ट भाजणारी माती) मानवाकृतींचा हात बसलेला आहे, पोर्सेलिनची माती मात्र नवी.

प्रश्न असे. मान आणि घोटे तग धरतील का? हाताने घडवावं की साच्यात ओतावं? ग्लेझ (काचेचा थर) द्यावं की कोरंच ठेवावं? आणि रंग कितपत? जाणकारांनी सविस्तर लिहावं. "करून बघा, जमेल" एवढ्यावर सोडू नका, ही विनंती.

कोन_दहा

मालिका छान होईल. पण एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. पोर्सेलिनमध्ये फेल्डस्पार (तापाला वितळणारं खनिज) भरपूर असतो. तो साधारण ११५० अंशांच्या पुढे वितळून काच व्हायला लागतो. १२८० ला तुमची मूर्ती घट्ट नसते, ती मऊ असते आणि स्वतःच्या वजनाने वाकू शकते. आता लहान मुलाचं शरीर बघा. डोकं मोठं, मान बारीक, घोटे आणि मनगटं अगदीच नाजूक. म्हणजे या मातीला जे नको असतं नेमकं तेच. मोठ्या माणसाच्या आकृतीत जी मान सहज तरते ती मुलाच्या आकृतीत झुकते.

त्यात मापाचं गणित. १२ सेंमीची पोज जमली म्हणून २४ सेंमीची जमेल असं नाही. सगळी मापं दुप्पट केलीत की वजन आठपट होतं आणि मानेचा छेद फक्त चौपट. म्हणजे मानेवर ताण दुप्पट. म्हणून छोटा नमुना (मॅकेट) करून भाजलात तरी मोठ्या मूर्तीचा निकाल वेगळा लागू शकतो.

उपाय पोजमध्येच शोधायचा. आपल्या देवघरातला पितळी रांगता बाळकृष्ण आठवा. दोन गुडघे आणि एक हात टेकलेला, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा. तीन टेकू, आणि धडाचं वजन त्या तिघांच्या मधे. पोर्सेलिनसाठी याच्याइतकी भक्कम पोज नाही. तुमचं रांगणारं बाळ म्हणूनच मालिकेत पहिलं करा. त्यात धोका दोनच जागी आहे, वर उचललेला हात आणि पुढे काढलेलं डोकं. डोकं वर करून समोर बघणारं बाळ केलंत तर वजन खांद्यांच्या पुढे जातं. तेच डोकं जरा खांद्याकडे वळवलं आणि हनुवटी खांद्याजवळ आणली की वजन आत येतं, शिवाय बाळ मागे कुणाकडे तरी बघतंय असा भावही मिळतो.

सागरगोट्यांवाली मुलगी मांडी घालून बसली तर काळजीच नाही. उकिडवा मुलगाही चालेल, फक्त कोपर गुडघ्यावर टेकवा आणि छाती मांड्यांना भिडवा. सगळ्यात अवघड उभी मुलगी. तिचा फ्रॉक घोट्यापर्यंत आणलात तर घेरच खांब होतो. गुडघ्यापर्यंत ठेवलात तर मागे काहीतरी हवं: पाट, दगड, दाराची चौकट, दप्तर.

घोटे बारीक दाखवायचेच असतील तर उघडा पाय आणि जमीन यांच्यामध्ये मातीचा पातळ तळ ठेवा आणि पाय त्यात रुतलेले दाखवा.

टेकूंबद्दल: टेकू त्याच मातीचे करा. बाहेरचा फायरब्रिकचा (भट्टीच्या विटेचा) तुकडा लावलात तर मूर्ती आकसते आणि तुकडा तसाच राहतो, परिणामी हात वर ढकलला जातो किंवा काखेत चीर पडते. त्याच मातीचा टेकू मूर्तीबरोबर आकसतो. मूर्ती जिथे टेकते तिथे ॲल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले समभाग, पाण्यात कालवून लावा म्हणजे चिकटत नाही. टेकू बिस्कच्या (ग्लेझआधीचं, कमी तापाचं पहिलं भाजणं) वेळी मूर्तीबरोबरच, तसाच लावून भाजायचा, मग ग्लेझच्या भट्टीतही तोच. आधी भाजून ठेवलेला टेकू त्या फेरीत कमी आकसतो, त्याचा उपयोग नाही.

रेघोट्या

वरचा प्रतिसाद पटला. तापाबद्दल ते बोललेच, मी प्रमाणांबद्दल लिहितो, कारण बहुतेक मुलं बसकी म्हातारी दिसतात ती इथेच चुकल्यामुळे.

नवजात बाळ साधारण ४ डोकी उंच असतं, दोन वर्षांचं ५, सहा वर्षांचं ६ च्या आसपास. मोठा माणूस साडेसात. चार वर्षांची मुलगी मांडी घालून बसली की बसल्या उंचीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग नुसतं डोकं. तुमची बसलेली आकृती २० सेंमी असेल तर डोकं साडेसहाच्या आसपास. हे ऐकायला जास्त वाटतं, म्हणून करताना हात आखडता घेतला जातो आणि मूल मोठं दिसायला लागतं.

चेहऱ्यात डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यरेषेच्या खाली येतात. कपाळ मोठं आणि फुगीर, नाक आखूड, नाकाचा पूल जवळजवळ सपाट, हनुवटी मागे. गाल डोळ्याखालून नाही, तोंडाच्या बाजूने सुरू होतो आणि जबड्याच्या रेषेवर लोंबतो. कवटी मागे खूप भरलेली असते, समोरून बघून करणारे ती विसरतात आणि डोकं बशीसारखं होतं. कान खाली आणि मागे.

हात: दोन-तीन वर्षांच्या मुलाला बोटांच्या मुळाशी उंचवटे नसतात, खळ्या असतात. मनगटाला एक गोल वळी पडते. ती वळी पोर्सेलिनमध्ये वरदान आहे, कारण हाताचा जोड तिच्यात लपतो. बोटं सुटी करू नका. चार बोटं एकत्र चिकटलेली, अंगठा वेगळा, आणि मधल्या रेषा बोथट सुईने ओढलेल्या. सुट्या बोटांना वाळताना आणि भट्टीत दोन्हीकडे धोका.

पोट: तीन वर्षांपर्यंत पुढे आलेलं, कमरेत खोल बाक. गुडघे ३–४ वर्षांच्या मुलाचे आत वळलेले असतात. उभ्या मुलीत हे नक्की दाखवा, मूल उभं कसं राहतं ते गुडघे आणि पोट सांगतात.

भाव दाखवायला हसू पुरेसं नाही. भोवरा गुंडाळणाऱ्या मुलाची जीभ ओठाच्या कोपऱ्यात आलेली असते, पायाचा अंगठा वर ताणलेला असतो. त्या दोन गोष्टी केल्यात तर चेहरा अगदी शांत ठेवला तरी चालतो. गोंडस करायच्या नादात मोठे डोळे आणि उघडं हसू दिलं की ते कपाटातलं बाहुलं होतं. एकाग्र मूल गंभीर असतं आणि ते गांभीर्य या पांढऱ्या मातीत फार सुंदर उतरतं.

आणि एक. हे सगळं जरा अतिशयोक्ती करून कोरा. पापण्या, ओठांची फट, नाकपुड्या तुम्हाला हव्यात त्यापेक्षा खोल हव्यात. आकसणं आणि ग्लेझ दोन्ही मिळून धार खातात.

शुभ्रमाती

दोघांचेही आभार. फ्रॉकवालीला पाटावर उभी करायचा विचार करते. आता मातीबद्दल. आकसणं नेमकं किती धरायचं? आणि साचा की हात, हे अजून ठरत नाही.

साचेकाम

आकसणं पुस्तकातून घेऊ नका, मातीतून घ्या. १४ सेंमी लांब, ४ रुंद, १ जाड अशी पट्टी लाटा, ओली असतानाच तिच्यावर बरोबर १० सेंमीची रेघ ओढा, ज्या कोनला काम भाजणार त्याच कोनला भाजा आणि रेघ मोजा. ८.५ आली तर एकूण आकसणं १५ टक्के. पोर्सेलिन साधारण १२ ते १७ मध्ये कुठेही असतं. १५ धरून भाजलेली उंची २५ हवी असेल तर २५ भागिले ०.८५, म्हणजे ओलं २९.४ सेंमी. २५ मध्ये १५ टक्के मिळवून २८.७५ काढणारे फसतात.

कोन १० साठी जुनं, सोपं मिश्रण म्हणजे चायना क्ले ५०, पोटॅश फेल्डस्पार २५, क्वार्ट्झ २५. हाताने घडवायचं तर वरून २–३ बेंटोनाइट (फार चिकट, बारीक कणांची माती), नाहीतर माती दह्यासारखी तुटते. बेंटोनाइट आधी रात्रभर पाण्यात भिजवा किंवा कोरड्या मालात नीट मिसळा. सरळ ओल्या मातीत टाकलंत तर गुठळ्या होतात.

साच्यासाठी स्लिप (ओतता येईल अशी पातळ माती): कोरडा माल १० किलो, पाणी ४ लिटरच्या आसपास, सोडियम सिलिकेट २० ते ४० ग्रॅम. बेंटोनाइट इथे टाळा, स्लिप पातळच होत नाही. सिलिकेट थोडं थोडं घाला, ढवळा, थांबा, परत घाला. एक लिटर स्लिपचं वजन १७५० ते १८०० ग्रॅम यायला हवं. वजन बरोबर पण स्लिप दाट, तर सिलिकेट कमी पडलं. वजन बरोबर, स्लिप पातळ पण साच्यातून सुटलेला भाग चिकट आणि ठिसूळ, तर सिलिकेट जास्त झालं. १०० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा.

प्लास्टर १०० भाग, पाणी ७० भाग. पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, उलटं नाही. साचा ५० अंशांच्या खाली वाळवा, त्यापेक्षा तापवलात तर प्लास्टर भुसभुशीत होतं. प्लास्टरचा खडा मातीत गेला तर भाजल्यानंतर तिथे पापुद्रा उडतो, म्हणून साच्याच्या कडेचे तुकडे परतीच्या बादलीत जाऊ देऊ नका.

साच्याची पद्धत मात्र नीट समजून घ्या. संपूर्ण मूल एका साच्यात निघत नाही. जर्मनीतल्या माइसेन कारखान्यात १७३० च्या दशकात मूर्तिकार केंडलरच्या वेळेपासून आजवर हेच चालतं: मूळ मॉडेल कापून डोकं, धड, हात, पाय असे वेगळे साचे, मग प्रत्येक भाग ओलसर असतानाच जोडणं. त्याच कारखान्यात १९०५ च्या सुमारास कोनराड हेंट्शेलने खेळणाऱ्या मुलांच्या आकृती केल्या, 'हेंट्शेल मुलं' म्हणून त्या ओळखल्या जातात. काठीच्या घोड्यावरचा मुलगा, पेल्यातून पिणारं बाळ. बालपण या विषयासाठी त्या जरूर बघा. फोटोत कपड्यांच्या कडा, बाह्या आणि कॉलर कुठे येतात ते निरखा. कापायला आणि जोड लपवायला सगळ्यात सोयीच्या जागा त्याच.

तुमच्या मालिकेत कापायच्या जागा: मान कॉलरच्या आत, दंड बाहीच्या कडेला, पाय फ्रॉकच्या घेराखाली. मुलाच्या उघड्या अंगावर कापू नका. साच्याची जोडरेघ घासून पूर्ण गेली असं वाटतं आणि भट्टीतून निघताना परत उगवते, कारण तिथे मातीचे कण वेगळ्या दिशेने बसलेले असतात. ती नुसती खरवडू नका. किंचित उंच ठेवा, लाकडी हत्याराने आत दाबा आणि मग सपाट करा.

भिंत ३–४ मिमी. प्लास्टर कोरडं असेल तर १० ते १५ मिनिटांत बसते. डोक्याची भिंत मुद्दाम कमी वेळात, २.५ मिमीवर ओतून काढा. वजन डोक्यातून कमी केलं की मान वाचते.

कोन_दहा

साचेकाम, माहिती सोळा आणे. पण चार वेगवेगळ्या आकृत्या, प्रत्येकीची एकच प्रत, यासाठी साचे करणं मला पटत नाही. एका मूर्तीचे आठ-दहा साचे होतील. दहा-वीस प्रती काढायच्या असतील तर साचा, एरवी हात.

हाताने करताना धड आणि डोकं पोकळ बांधा, भिंत ५ ते ६ मिमी. दुसरा मार्ग म्हणजे भरीव करून, लेदर-हार्ड (अर्धवट वाळून चामड्यासारखी घट्ट) झाल्यावर तारेने कापून, आतून कोरून परत जोडणं. मुलांच्या चेहऱ्यासाठी मी हाच मार्ग सुचवेन, कारण भरीव मातीवर गाल दाबताना हात मोकळा चालतो. कवटीची टोपी कानाच्या वरून कापा, आतून कोरा, केसांच्या रेषेत जोड लपवा. डोक्याची पोकळी मानेतून धडात आणि धडाची तळाशी बाहेर, असं सलग भोक हवं. बंद हवेने मूर्ती फुटते असं सगळे म्हणतात, खरं कारण जाड भागात अडकलेलं पाणी. ते १०० च्या वर वाफ होऊन फोडतं. तरीही भोक हवंच, वाळणं त्यानेच सारखं होतं.

पोर्सेलिनला आठवण फार. सरळ लाटलेला हात वाकवून कोपर केलंत तर भट्टीत तो परत सरळ व्हायला बघतो. हात लाटतानाच वाकलेला घडवा. मान एकदा डावीकडे आणि मग "नको, उजवीकडे बरी" असं करू नका, शेवटी ती कुठे बसेल त्याचा भरवसा नाही. पोज कागदावर आणि साध्या मातीत ठरवून मगच पोर्सेलिनला हात लावा.

जोडाला दोन्ही भाग सारख्याच ओलाव्याचे. खरवडा, त्याच मातीची दाट स्लिप व्हिनेगरमध्ये केलेली लावा, दाबा आणि किंचित पिळा, म्हणजे हवा निघते. काखेत आणि मानेभोवती मऊ मातीची सुतासारखी वळी दाबून घ्या. आतला काटकोन तसाच सोडला की चीर तिथूनच निघते.

फारच चिरा येत असतील तर कागदी माती. कोरड्या वजनाच्या २–३ टक्के कागदाचा लगदा. टिश्यू पेपर पाण्यात मिक्सरला फिरवून पिळून घ्या आणि स्लिपमध्ये मिसळा. तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात आणि वाळलेल्या भागाला ओला भागही जोडता येतो. तोटे: पृष्ठभाग लगेच गुळगुळीत होत नाही, आठ-दहा दिवसांत मातीला वास येतो, म्हणून लागेल तेवढीच करा. बिस्कला ३००–४०० पर्यंत धूर होतो, खिडकी उघडी हवी.

विदर्भ_ऊन

वाळवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात बोटं, कानाच्या पाळ्या, फ्रॉकची कड तासाभरात पांढरी पडतात आणि धड ओलंच असतं. बोटं आधी आकसून बसली की धड आकसताना त्यांना मनगटापाशी तोडतं. म्हणून बारीक भागांवर ओला टिश्यू आणि वरून प्लास्टिक, किंवा वॅक्स इमल्शनचा हलका हात. मेण बिस्कमध्ये जळून जातं. धड मात्र उघडं. वाळण्याचा क्रम असा हवा की जाड भाग आणि बारीक भाग एकाच वेळी पांढरे पडतील.

कोकणात पावसाळ्यात उलटा प्रश्न, वरून वाळल्यासारखं दिसतं आणि आत ओल असते. गालाला लावून बघा, गार लागलं तर अजून पाणी आहे. शंका असेल तर रात्रभर ८०–९० अंशांवर भट्टी धरून ठेवा, झाकण बोटभर उघडं.

मूर्ती पाटावर ठेवताना खाली वर्तमानपत्राचे दोन थर. माती आकसताना कागदावर सरकते. थेट लाकडाला चिकटली तर पायाला चीर.

पांढऱ्या मातीची आणखी एक शिस्त. लाल मातीचं टेबल, स्पंज, बादली यांना हातही लावू नये. पत्र्याच्या टाकीतलं पाणी गंजाचे कण आणतं, ते १२८० ला काळे ठिपके होऊन गालावरच येतात. हत्यारं लाकडी किंवा स्टेनलेस. वाळलेली मूर्ती कोरडी घासू नका. सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. ओल्या स्पंजने काम करा, घासायचंच असेल तर बिस्कनंतर पाण्यात बुडवून, आणि तोंडावर एन-९५.

साचेकाम

भट्टीबद्दल थोडं. बिस्क ९५० ते १०००. ३०० पर्यंत तासाला ५०–६० अंश, मग ६०० पर्यंत १००, पुढे १५०. ५७३ ला क्वार्ट्झ एकदम फुगतं, उतरताना एकदम आकसतं, तिथे घाई नको. ग्लेझची भट्टी १००० पर्यंत तासाला १००–१५०, पुढे ८०–१००. वरच्या तापावर १० मिनिटं धरलं तर पुरे. मोठ्या भांड्यांच्या हिशोबाने अर्धा-पाऊण तास धरलात तर मुलाचं डोकं छातीवर येईल. ताप किती गेला याइतकंच तो किती वेळ राहिला हेही मान वाकवतं. कंट्रोलरच्या आकड्यावर विसंबू नका, मूर्तीच्या शेजारी, डोक्याच्या उंचीला, कोन ठेवा.

ज्या बाजूला ताप जास्त तिकडे मूर्ती झुकते, कारण तिकडची माती आधी आणि जास्त आकसते. गॅसभट्टीत ज्वाळेच्या वाटेत उभी मुलगी ठेवू नका, इलेक्ट्रिकमध्ये कॉइलपासून निदान ५ सेंमी लांब.

रांगणाऱ्या बाळाखाली त्याच मातीची, त्याच दिवशी लाटलेली चकती ठेवा, वर ॲल्युमिना. हात आणि गुडघा यांत ओलं अंतर १२ सेंमी असेल तर भाजून १०.२ होतं. पावणेदोन सेंमी अंतर शेल्फवर फरपटत जायला लागलं की मनगट तुटतं किंवा बाळ फतकल मारतं. चकती बाळाबरोबर आकसते, फरपट होतच नाही. चकती नंतर टाकून द्यायची. कधीकधी ती इतकी छान निघते की तिलाच जमीन म्हणून ठेवावंसं वाटतं, मग ती मूळ रचनेतच धरा.

मांडवीकाठ

ग्लेझचा प्रश्न राहिलाय. माझं मत स्पष्ट आहे: चेहरे आणि अंग कोरं, ग्लेझ फक्त कपड्यांना आणि वस्तूंना.

फ्रान्समध्ये व्हॅन्सेनला, जो कारखाना पुढे सेव्हरला गेला तिथे, १७५० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार बूशेच्या चित्रांवरून मुलांच्या आकृत्या केल्या आणि त्या ग्लेझ न देता ठेवल्या. कारण हेच, ग्लेझ बारीक कामावर साचतं. डोळ्याची पापणी, ओठांची फट, बोटांमधल्या रेषा भरून येतात आणि उजेड चमकून परत फिरतो. कोऱ्या पोर्सेलिनवर उजेड जरा आत शिरतो, २–३ मिमीच्या कानाच्या पाळीतून तर आरपार दिसतो. मुलाच्या त्वचेसाठी याहून चांगलं काही नाही.

कोरं ठेवायचं तर पृष्ठभागावर मेहनत. बिस्कनंतर २२० आणि ४०० च्या वॉटर पेपरने पाण्यात घासा. पूर्ण भाजल्यावर डायमंड पॅड २००, ४००, ८००, तेही ओलेच. मग हाताला रेशमासारखं लागतं. कोऱ्या पोर्सेलिनला बोटांचे तेलकट डाग लागतात, हे खरं. सौम्य साबण आणि मऊ ब्रशने जातात.

ग्लेझ हवंच असेल तर पारदर्शकचं जुनं सूत्र: पोटॅश फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, व्हायटिंग (खडूची पूड) २०, चायना क्ले १०. स्प्रेने, नखाएवढी जाडीसुद्धा नको. बुडवलंत तर डोळ्यांत तळी होतात. त्यात १ टक्का आयर्न ऑक्साइड घालून रिडक्शनला (भट्टीत हवा कमी ठेवून) भाजलं तर फिकट निळसर-हिरवं सेलाडॉन होतं आणि ते घडीत गडद साचतं. फ्रॉकच्या चुण्यांवर ते फार खुलतं, चेहऱ्यावर मात्र मूल आजारी दिसतं.

भट्टीचं वातावरणही ठरवा. ऑक्सिडेशनला (भट्टीत हवा भरपूर) पांढरा रंग दुधी, किंचित ऊबदार. रिडक्शनला थंड, निळसर. इलेक्ट्रिक भट्टी असेल तर प्रश्नच मिटला, ती ऑक्सिडेशनचीच, आणि माझ्या मते बालपणाला दुधीच बरा.

रंग: थोडेच. ग्लेझवरचे इनॅमल ७६० ते ८२० ला भाजतात. लवंगेच्या किंवा लॅव्हेंडरच्या तेलात कालवायचे, लवंगतेलाने रंग सावकाश वाळतो म्हणून गालावरची लाली पसरवायला वेळ मिळतो. कोऱ्या पृष्ठभागावर इनॅमल मंद, खडूसारखे बसतात, ओठांना आणि गुडघ्याच्या खरचटण्याला ते शोभतं. भुवया काळ्या करू नका, तपकिरी पातळ रेघ. जुन्या रंगांत शिसं असतं, डब्यावर बघून घ्या.

अवांतर: चीनमधल्या डिंग भट्टीची, उत्तर सोंग काळातली (९६०–११२७) एक पांढरी उशी बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. पालथा पडलेला मुलगा, हातांवर डोकं ठेवलेलं, त्याची पाठ म्हणजे उशी. पोकळ, धड खाली टेकलेलं, कुठेही बारीक मान नाही. तापाला पोजने दिलेलं इतकं सुंदर उत्तर दुसरं सापडणं कठीण. मालिकेत पाचवं मूल घ्यायचं ठरलं तर पालथं पडून पाटीवर लिहिणारं घ्या, अशी आग्रहाची विनंती.

शुभ्रमाती

पाचवं मूल घेतलंच! डोक्यात बसलं ते. चेहरे कोरे हेही पटलं. आता दोन उरलेले प्रश्न. फ्रॉकच्या झालरीसाठी खरी लेस वापरता येते असं ऐकलंय, ते कसं? आणि सागरगोटा हवेत उडालेला दाखवायचा आहे.

साचेकाम

येते. सुती लेस घ्या, नायलॉनची नको. सुती धागा स्लिप शोषतो, नायलॉनवर ती नुसती वर बसते आणि धागा वितळून आकसला की जाळी फाटते. स्लिप सायीइतकी, चिमूटभर कागदी लगदा घातलेली असली तर उत्तम. लेस आधी पाण्यात भिजवून पिळा, स्लिपमध्ये बुडवा, बोटांनी चोळून धाग्यात मुरवा, भोकांतली स्लिप फुंकून काढा. मग घेराला थोड्या ओल्या स्लिपने लावा, फ्रॉकही लेदर-हार्ड असतानाच. चुण्या ब्रशच्या दांड्याने. एक थर वाळला की ब्रशने दुसरा थर द्या. एकच थर असेल तर धागा जळल्यावर मागे उरतं ते कवच फुंकरीने तुटतं.

बिस्कनंतर लेसला हात लावायचा नाही. शक्य असेल तर बिस्क वगळून सरळ वरच्या तापाला न्या, तुमचे चेहरे कोरेच आहेत त्यामुळे अडत नाही. फक्त गालाचं आणि अंगाचं घासणं मग पूर्ण भाजल्यावर, डायमंड पॅडने करावं लागेल. ५०० पर्यंत सावकाश आणि हवा खेळती. लोंबती झालर वरच्या तापाला खाली ओघळते, म्हणून घेराच्या आत त्याच मातीच्या पातळ वळ्या ॲल्युमिना लावून ठेवा.

कोन_दहा

उडालेला सागरगोटा भट्टीत उडवू नका. वेगळा भाजा आणि नंतर पितळी तारेवर इपॉक्सीने बसवा. तारेसाठी भोक ओल्या मातीतच पाडा, तेही आकसतं हे लक्षात ठेवा. २ मिमीची तार असेल तर ओलं भोक २.४, इपॉक्सीला जागा धरून २.६. तार तळहातातून जाऊ द्या, मनगटात भोक पाडलंत तर तिथेच तुटेल. झेललेले गोटे मुलीच्या ओंजळीत, उडालेला एकच.

विदर्भ_ऊन

चीर आलीच तर ती कधीची हे तिच्या कडा सांगतात. ग्लेझ चिरेच्या कडेवरून गोल वळून आत उतरलंय, म्हणजे चीर ग्लेझ वितळण्याआधीची: वाळताना किंवा बिस्कमध्ये. कडा धारदार आणि ग्लेझही कापल्यासारखं, म्हणजे थंड होताना. पहिल्याला जोड आणि वाळवणं सुधारा, दुसऱ्याला भट्टी लवकर उघडणं बंद करा. कोऱ्या चेहऱ्यावर ही खूण मिळत नाही, म्हणून बिस्कनंतर मान आणि काखेवर पातळ शाई फिरवा. केसाएवढी चीरही शाई पिते आणि दिसते. शाई भट्टीत जळून जाते, फक्त लोहयुक्त नको, तिचा डाग राहतो.

बिस्कमध्ये दिसलेली चीर कागदी मातीने भरता येते, पण वरच्या तापाला अर्ध्याअधिक वेळा परत उघडते, कारण भरलेली माती बाजूच्या भाजलेल्या मातीपेक्षा जास्त आकसते. भरायची माती बिस्कचाच चुरा कुटून, तो निम्मा मिसळून केली तर आकसणं कमी होतं. मानेची चीर असेल तर भरण्यात वेळ घालवू नका, मूर्ती नव्याने करा. बोट किंवा लेस असेल तर पूर्ण भाजल्यानंतर इपॉक्सीत पोर्सेलिनची पूड मिसळून थंड दुरुस्ती करा आणि विकताना घेणाऱ्याला ती जागा दाखवून सांगा.

शुभ्रमाती

सगळं उतरवून घेतलं. क्रम असा ठरवतेय: आधी आकसण्याच्या पट्ट्या, मग रांगणारं बाळ चकतीवर, मग पालथं मूल, सागरगोट्यांवाली, भोवऱ्याचा मुलगा, आणि फ्रॉकवाली शेवटी. भट्टी इलेक्ट्रिक. पट्ट्यांचे आकडे आणि बाळाच्या मानेचा निकाल याच धाग्यावर टाकेन.

रेघोट्या

पट्ट्यांबरोबर तीन माना पण भाजा. फक्त मान आणि डोकं, धड नको. १२, १६ आणि २० मिमी जाडीची, डोकं पूर्ण मापाचं, सारखंच झुकलेलं. तिन्हींच्या झुकण्याचा कोन भाजण्याआधी कागदावर आखून ठेवा आणि नंतर त्यावर धरून बघा. तुमच्या मातीला आणि तुमच्या भट्टीला किती मान लागते ते एका फेरीत कळेल.

कोन_दहा

हो, आणि ती डोकी भट्टीच्या त्याच शेल्फवर, त्याच उंचीला ठेवा जिथे बाळ बसणार आहे.